सतराव्या अंकाचं सातवं पान

पोस्टातल्या माणसाने पार्सल माझ्यापुढे सरकवलं आणि फॉर्मवर 'सुस्थितीत मिळाले' या ओळीसमोर स्वतःच खूण करून टाकली. पार्सलचा एक कोपरा चांगलाच चेपलेला होता. मी म्हटलं, "अहो, निदान बघा तरी." तो म्हणाला, "आतलं ठीकच असेल हो. सही करा, मागे लोक उभे आहेत." अशी माणसं पाहिली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बघायचं नाही, उघडायचं नाही, बसल्या जागी खूण करून मोकळं व्हायचं. मी तिथेच काउंटरवर पार्सल फोडलं. रांग खोळंबली तर खोळंबली.

आत अंक होता. सोव्हिएत काळातलं एक विनोदी पाक्षिक, एकोणीसशे त्रेसष्ट सालचा सतरावा अंक. मुखपृष्ठ स्वच्छ, पिना गंजलेल्या पण जागेवर. मी उभ्याउभ्या पानं मोजली. सातवं पान नव्हतं. पिनांच्या कडेने करंगळीच्या नखाएवढी पट्टी ठेवून बाकीचं ब्लेडने सरळ कापून घेतलेलं.

ही चौथी प्रत. चार प्रती चार ठिकाणांहून आल्या होत्या, त्यातली एक तर दोन समुद्र ओलांडून, आणि चारही प्रतींमधून नेमकं तेच पान कापलेलं. एखादा वाचक चित्र आवडलं म्हणून कापतो, हे मी समजू शकतो. समजू शकतो म्हणजे त्याचे हात कलम करावेत असं वाटतं, पण समजू शकतो. चौघांना एकच पान आवडावं आणि चौघांनी ते इतकं निगुतीने कापावं, हे काही माझ्या डोक्यात शिरेना.

थोडं मागचं सांगतो. मला या पाक्षिकाचे जुने अंक जमवायचा नाद आहे. याचं खरं नाव मला धड उच्चारता येत नाही. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात एक छोटा झाडू काढलेला असतो, म्हणून आमच्या घरात त्याला 'झाडू'च म्हणतात. कामचुकार फोरमन, 'उद्या या' म्हणणारे कारकून, मशीनला टेकून घोरणारे कामगार, गळक्या छपराखाली छत्री धरून अहवाल लिहिणारे अधिकारी, अशा सगळ्यांना त्यात झोडपलेलं असायचं. एका नाकाच्या वळणात माणसाची सगळी कुंडली मांडायचे ते चित्रकार. वर्षाला चोवीस अंक. एकसष्ट, बासष्ट, चौसष्ट ही वर्षं माझ्याकडे पूर्ण आहेत. त्रेसष्ट सालचं घोडं सतराव्या अंकापाशी पेंड खात होतं.

"एक पान नाही तर काय बिघडलं?" आमची ही म्हणाली. "तुम्हाला कुठे वाचता येतं?"

"प्रश्न वाचण्याचा नाही."

"मग कशाचा आहे? बुटाची नाडी तुटून सहा महिने झाले, ती आणायला तुम्हाला वेळ नाही. पार्सलची सुतळी बांधून हिंडता. लोक मला विचारतात."

सुतळीचं खरं होतं. डाव्या बुटाची नाडी तुटली त्या दिवशी पार्सल आलं होतं, त्याची सुतळी हाताशी होती, ओवली. घट्ट बसली, मग राहूनच गेली. वाचता येत नाही हेही खरं. मला रशियन अक्षरं, आकडे आणि महिन्यांची नावं ओळखता येतात, बस्स. वाचून दाखवते ती ताई.

ताई माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि ती सतरा. माझं शाळा-दप्तर, आजारपण, पुढे लग्न, सगळं तिने केलं. स्वतःचं करायचं राहिलं. तिने रशियन शिकून तीस वर्षं यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं केली. अंबाड्यात पेन्सिल खोचायची तेव्हाची सवय अजून आहे. सहाव्या मजल्यावर एकटी राहते. गुडघे पार गेलेत, लिफ्ट नसेल तर ती घरात कोंडलेलीच. दर गुरुवारी दुपारी मी दोन-तीन झाडू घेऊन तिच्याकडे जातो. ती चहा करते, चष्मा पुसते, चित्राखालच्या ओळी आधी मनाशी वाचून हसते आणि मग मला सांगते. मी उशिरा हसतो म्हणून ती परत हसते. माझ्या आठवड्यात तेवढीच एक गोष्ट धड असते.

नोकरी म्हणाल तर मी लिफ्ट तपासनीस आहे. माझ्या भागात त्रेचाळीस इमारती येतात. प्रत्येक लिफ्टसाठी एकतीस मुद्द्यांचा फॉर्म असतो, आणि शेवटी 'पाहिले, ठीक आहे' या छापील ओळीखाली माझी सही. सव्वीस वर्षं झाली.

या शहरात झाडू जमवणारा माझ्याशिवाय एकच माणूस आहे, तो दातांचा डॉक्टर. आमचं फारसं सख्य नाही, कारण त्याच्याकडे माझ्याहून चांगल्या प्रती आहेत आणि त्याला ते ठाऊक आहे. पण चौथ्या प्रतीनंतर मी मान खाली घालून त्याच्या दवाखान्यात गेलो. दुपारची वेळ होती, पेशंट नव्हता. मी म्हटलं, मला अंक नको, नुसता सातव्या पानाचा फोटो काढू द्या. तो आतल्या खोलीत गेला आणि त्याचा सतरावा अंक घेऊन आला. मी उघडला. पिनांजवळ तीच नखभर पट्टी.

"तुम्हालाही कापलेलाच मिळाला?"

"नाही," तो म्हणाला. "पूर्ण मिळाला होता. मी कापलं."

जो माणूस मासिकाला हात लावण्याआधी साबणाने हात धुतो, तो पान कापतो?

"का?"

"त्यावर माझा एक पेशंट होता."

"डॉक्टर, अंक त्रेसष्टचा आहे. तुम्ही तेव्हा रांगतही नव्हता."

"हो. मीही स्वतःला हेच सांगितलं." तो बेसिनपाशी जाऊन हात धुऊ लागला. हात स्वच्छ होते तरी बराच वेळ धूत राहिला.

"मग त्या पेशंटचं काय झालं?"

"त्याला गाठायचं सोडून मी पान कापत बसलो ना," तो म्हणाला. नळ बंद करून त्याने हात पुसले. "एक सांगतो. कापून काहीच होत नाही. फक्त दिसायचं थांबतं."

मी चिडून बाहेर पडलो. सरळ सांग ना, बाबा, की विकलं, हरवलं, नाहीतर पोराने फाडलं. भुताखेताच्या गोष्टी सांगून माझी बोळवण कशाला करतोस?

पाचवी प्रत महिन्याभराने आली, आणि ही मी मागवली नव्हती. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या वाचनालयातले जुने अंक मी गठ्ठ्याने घेतले होते. त्यात वरच्या चाळीस प्रती माझ्याकडे आधीच होत्या आणि तळाशी सतरावा अंक. पानं मोजली. सगळी होती. पिनांजवळ पट्टी नव्हती. आणि तरी सातवं पान दिसत नव्हतं, कारण छापखान्यात कडा कापताना या प्रतीची वरची कड कापायचीच राहिली होती. सहा-सात ही पानं वरच्या घडीला एकमेकांना जोडलेली होती. बाजूही नीट सुटली नव्हती. साठ वर्षांत हे पान कुणी उघडलंच नव्हतं, म्हणून ते शाबूत होतं.

आता आम्हा जमवणाऱ्यांत एक नियम आहे. न उघडलेली घडी कापायची नाही. अशी प्रत म्हणजे दुर्मिळातली दुर्मिळ, तिला सुरी लावली की ती चारचौघींसारखी झाली. नियम मला पाठ आहे. मी डॉक्टरला फोन केला, केवळ त्याला जळवण्यासाठी.

त्याने आधी पान उघडलं का ते विचारलं. मग म्हणाला, "जुळलेलंच राहू द्या."

"ते मी ठरवीन."

"तुमचा अंक पूर्ण आहे. पान आत आहे, तुम्हाला माहीत आहे. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता?"

दुसरं कुणी म्हणालं असतं तर कदाचित ऐकलं असतं. त्याने सांगितलं म्हणून मी उघडायचं ठरवलं.

बुधवार होता. मी रजा टाकली होती. सकाळचे साडेअकरा, ही बाहेर गेलेली, खिडकीतून टेबलावर लख्ख ऊन. मी टेबल पुसलं, पांढरा कागद अंथरला आणि शिसवी कागदसुरी घडीत घालून हळूहळू पुढे नेली. कागदाचा आवाज कोरडा होता. शेवटचा तंतू सुटला तसं पान आपोआप उघडलं, आणि आतून ताज्या शाईचा वास आला. साठ वर्षं बंद होतं, त्यामुळे तसं होत असावं.

पानभर एकच चित्र होतं. सहा मजली इमारत, समोरची भिंत काढून टाकल्यासारखी, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. सहाव्या मजल्यावर एक खोली. टेबलाशी पाठमोरा माणूस. टेबलावर चहाचा कप, लांबलचक फॉर्म, आणि फॉर्मखाली उघडं मासिक. माणसाचं पेन फॉर्मवर, पण मान मासिकाकडे. मला हसू आलं. काय पकडलाय, म्हटलं.

मग टेबलाखालचे त्याचे बूट दिसले. उजव्या बुटाला काळी नाडी होती. डाव्याला जाड, पिळाची सुतळी.

त्याच मजल्यावर, खोलीच्या बाहेर, लिफ्टचं दार होतं. एका बाईने ते ओढून उघडलं होतं. तीही पाठमोरीच. हातात कापडी पिशवी, गुडघे जरा बाहेर वाकलेले, अंबाड्यात आडवी पेन्सिल. दाराच्या आत चित्रकाराने काहीच काढलेलं नव्हतं. नुसती काळी शाई, खालपर्यंत.

मी उठून पाणी प्यायलो. परत येऊन पाहिलं. तेच होतं.

आता मला सांगावं लागेल. त्या बुधवारच्या तीन आठवडे आधी, एका गुरुवारी, ताईच्या इमारतीची तपासणी होती. त्याच दिवशी सकाळी पासष्ट सालचा नववा अंक आला होता, तीन वर्षं शोधत होतो तो. मी कचेरीतून थेट ताईकडे गेलो. फॉर्म टेबलावर ठेवला, अंक त्याखाली उघडा. एकोणिसावा मुद्दा असतो बाहेरच्या दारांचा: लिफ्ट त्या मजल्यावर नसताना दार उघडता कामा नये. त्यासाठी प्रत्येक मजल्यावर जाऊन दार ओढून बघायचं असतं. सहा मजले, सहा दारं, फार तर वीस मिनिटं. ताई एका चित्राखालची ओळ वाचत होती. मी हसत हसत एकतीसच्या एकतीस खुणा केल्या आणि सही ठोकली. वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीकडे फिरकलोही नाही. तिथेच तर राहते ताई, काही असतं तर बोलली असती, असं मनाशी म्हटलं. हे मी, जो पोस्टातल्या माणसाला फाडून खातो.

चित्राखाली दोन शब्द होते. तेवढ्याच भागाचा फोटो काढून मी ताईला पाठवला. चित्र पाठवायचा धीर झाला नाही. मग फोन केला.

"हे काय लिहिलंय, ताई?"

"थांब, चष्मा." थोडा वेळ गेला. मग ती हसली. "अरे, हे तर तुझंच वाक्य. 'पाहिले, ठीक आहे.' चित्र कसलं आहे?"

मी तळहाताने चित्र झाकलं.

"उद्या घेऊन ये," ती म्हणाली. "चल, ठेवते. पाव संपलाय, खाली जाऊन येते."

"कुठे आहेस तू?"

"दाराला कुलूप लावतेय."

"लिफ्टने जाऊ नकोस."

"मग काय उडी मारू? गुडघे बघ माझे."

"ताई, ऐक. जिन्याने जा. नाहीतर घरात जा. मी पाव आणतो."

"तू तिथून पाव आणणार? काय झालंय तुला?"

तिच्या चपलांचा आवाज येत होता. सरकत, घासत. मग थांबला.

"ताई, दाराला हात लावू नकोस."

दाराची कडी वाजली. हा आवाज मी रोज दहादा ऐकतो.

"ताई."

काहीच नाही. फोनमधून वारा आल्यासारखा आवाज, खोल, विहिरीतून यावा तसा.

"ताई."

"अरे," ती हळू म्हणाली, "दार उघडलं. पण आत लिफ्ट नाहीच."

मी खाली बसलो. जमिनीवरच बसलो.

"मी एक पाय उचललाच होता," ती म्हणाली. "तू ओरडलास म्हणून थांबले."

तासाभरात मी मेकॅनिकला घेऊन पोहोचलो. सहाव्या मजल्याचं दार कुणीही ओढावं आणि उघडावं अशी गत होती. त्याने लॉक काढून माझ्या हातावर ठेवलं. आतली जीभ झिजून गुळगुळीत झालेली. "साहेब, हे काही दोन-चार आठवड्यांचं झिजणं नाही," तो म्हणाला. "शेवटचं कधी बघितलं होतं?" मी लॉककडे बघत राहिलो. ताई दारात खुर्ची टाकून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला तो गुरुवार आठवत होता.

"दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ," ती म्हणाली, आणि पुढचं बोलली नाही. पुढचं ती लहानपणी मला रोज ऐकवायची. मी तिच्या पायाशी बसून रडलो. तिने डोक्यावर हात ठेवला, मग म्हणाली, "पण तुला कळलं कसं?"

"असंच वाटलं."

"त्या अंकात काय आहे?"

"पान खराब आहे," मी म्हटलं. ताईशी खोटं बोलण्याची ही पहिली वेळ नव्हती, पण इतक्या सहज कधी बोललो नव्हतो.

घरी आलो तो ब्लेड घेऊनच टेबलाशी बसलो. पान उघडलं. खोली तीच होती, पाठमोरा माणूस तोच, सुतळीही तीच. बाई नव्हती. मला हुंदका फुटला. मग लक्षात आलं, दार अजून उघडं होतं. आत शाई तशीच.

डॉक्टरचं बोलणं आठवलं. मी ब्लेड ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्या त्रेचाळीस इमारती पुन्हा धरल्या. प्रत्येक मजला, प्रत्येक दार, गच्चीवरची मशीनची खोली, तळाचा खड्डा. पाच ठिकाणी लॉक निकामी निघालं, एका ठिकाणी दोराचे तंतू सुटलेले. लोक वैतागले, लिफ्ट बंद ठेवली म्हणून कचेरीत तक्रारी गेल्या, साहेबांनी बोलावून विचारलं की अचानक काय अंगात आलं. आमची ही म्हणाली, "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तुम्हाला इतकं काम करताना पहिल्यांदाच पाहतेय." रोज संध्याकाळी मी पान उघडायचो. दार उघडंच असायचं. दहा झाल्या, वीस झाल्या, चाळीस झाल्या. मी चित्रावर ओरडायचो, अगदी मोठ्याने, रिकाम्या घरात. अजून काय हवंय तुला? पोस्टातला माणूस परवडला, तो निदान उलट उत्तर तरी देतो.

काल त्रेचाळिसावी झाली. सगळी दारं मी माझ्या हाताने ओढून पाहिली. घरी आलो, हात धुतले, पान उघडलं.

खोलीतली खुर्ची मागे सरकवलेली होती. फॉर्म होता, कप होता. माणूस नव्हता. लिफ्टचं दार उघडं, आणि दारासमोर बुटांचा जोड, नीट शेजारी शेजारी ठेवलेला. डाव्या बुटाला सुतळी.

रात्री जेवायला बसलो. मग आठवलं, मागच्या वर्षापर्यंत माझ्याकडे दुसरा भाग होता, पुलापलीकडचा. तिथे आता दुसरा तपासनीस आहे, आणि जुन्या सह्यांवर विश्वास ठेवणारा कुठला तपासनीस नवं काही बघतो, हे मला चांगलं माहीत आहे. आज सकाळी कचेरीतून तिथलं जुनं रजिस्टर काढून आणलं. एकोणचाळीस इमारती. त्यातल्या साधारण अर्ध्या मी खरंच पाहिल्या होत्या. कोणत्या अर्ध्या, ते आठवत नाही. उद्या दहा वाजता पहिल्या पत्त्यावर जायचं आहे. सात मजले, जुनी लिफ्ट, ओढायची दारं.

दुपारी ही बाहेरून आली ती हातात छोटी पुडी घेऊन. "तुम्ही काही आणणार नाही," म्हणाली, आणि तिथेच खाली बसून तिने माझ्या डाव्या बुटाची सुतळी कापून टाकली, दोन्ही बुटांना नव्या नाड्या ओवल्या. काळ्या दुकानात नव्हत्या, म्हणून तपकिरी. टोकांना पितळी टोप्या होत्या. मी म्हटलं, छान आहेत. खरंच छान होत्या. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. सुतळी मी स्वतः केराच्या डब्यात टाकली.

मग ऊन असेपर्यंत एकदा बघून घ्यावं म्हणून पान उघडलं.

बूट तिथेच होते. नाड्या तपकिरी होत्या, टोकांना पितळी टोप्या.